पाटी कुठून वाचणार, ते आधी ठरवा

भोसरी, तळवडे, चिखली, चाकण या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्या माणसाकडे एक काम कधी ना कधी येतंच: "आमच्या प्रेसवर एक काउंटर लावून दे ना." मित्राचं किंवा मेहुण्याचं पाच-सहा माणसांचं वर्कशॉप असतं. मोठ्या गाडी कंपनीच्या व्हेंडरला ते माल देत असतं आणि शिफ्टमध्ये किती जॉब निघाले ते सुपरवायझरला लांबून दिसायला हवं असतं. मोठ्या प्लँटमधल्या अँडॉन बोर्डचं हे गरिबाघरचं भावंड.

त्याच काउंटरच्या निमित्ताने डिस्प्ले आणि पॉवर सप्लाय कसा निवडायचा, याची ही कृती. घरचं घड्याळ असो, गच्चीवरच्या टाकीची लेव्हल असो की निगडी-आकुर्डीच्या कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, क्रम हाच राहतो, आकडे बदलतात. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात. ड्रॉवरमध्ये पडलेला अ‍ॅडॉप्टर आधी ठरलेला असतो, स्वस्तात मिळाला म्हणून डिस्प्ले आलेला असतो, आणि तो दहा फुटांवरून दिसत नाही हे भिंतीवर चढवल्यावर कळतं.

पहिलं काम: टेप घेऊन अंतर मोजा

पाटी जिथे लागणार तिथून ती वाचणारा माणूस जिथे उभा असतो तिथपर्यंतचं अंतर मोजा. त्याला २०० ने भागा. आलेला आकडा म्हणजे अक्षराची किमान उंची. अंतर १० मीटर असेल तर ५० मिलिमीटर, २० मीटर असेल तर १०० मिलिमीटर. नजर तीक्ष्ण असलेला माणूस याहून लांबूनही वाचेल, पण शेडमधला उजेड, धूळ आणि पन्नाशीतले डोळे धरून २०० चा हिशेब बरा पडतो.

आता हाच हिशेब दुकानातल्या वस्तूंना लावा. सोळा बाय दोनच्या एलसीडीवरचं अक्षर जेमतेम ५ मिलिमीटरचं, म्हणजे ती एक मीटरवरून वाचायची वस्तू. ०.९६ इंची ओलेडवर नेहमीच्या छोट्या फाँटमधलं अक्षर दीड मिलिमीटरच्या आसपास भरतं, ते हातात धरूनच वाचायचं. ०.५६ इंची सेव्हन सेगमेंट तीन मीटरपर्यंत चालतो, २.३ इंची साधारण बारा मीटर, चार इंची वीस मीटर. दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या दारावर पळती अक्षरं दाखवणारं पी-टेन पॅनल १६० मिलिमीटर उंच असतं. त्यावर पूर्ण उंचीचा आकडा लावला तर तीस मीटरवरून दिसतो.

आपल्या काउंटरसाठी शेडमधलं अंतर १२ मीटर धरू. उत्तर आलं ६० मिलिमीटर, म्हणजे २.३ इंची सेगमेंट. अर्धी निवड इथेच झाली.

न बदलणारं सगळं रेडियमवाल्याकडे द्या

पाटीवर 'लक्ष्य' आणि 'झाले' असे दोन शब्द आणि त्यांच्यासमोर दोन आकडे हवेत. शब्द कधीच बदलणार नाहीत. मग ते इलेक्ट्रॉनिक्सने दाखवायचा अट्टहास कशाला? नंबरप्लेट करून देणारा रेडियमवाला हेच शब्द हव्या त्या आकारात, ठसठशीत देवनागरीत कापून देतो. त्याला ना करंट लागतो ना प्रोग्रॅम.

हा मुद्दा मराठीच्या बाबतीत जास्तच महत्त्वाचा. सोळा बाय दोनची एलसीडी ज्या एचडी४४७८० जातीच्या कंट्रोलरवर चालते, त्यात स्वतःची अक्षरं भरायला जागा फक्त आठ, तीही ५ बाय ८ ठिपक्यांची. वर प्रत्येक घरात आणि शेजारच्या घरात फट असते, त्यामुळे शिरोरेषा तुटते ती तुटतेच. जोडाक्षरांचं नावच नको. बदलता मजकूर मराठीतच हवा असेल तर ग्राफिक डिस्प्ले घ्यावा लागतो, आणि तिथेही ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी नेणं, जोडाक्षर जुळवणं हे छोट्या कंट्रोलरच्या लायब्रऱ्या सहसा करत नाहीत. सरळ मार्ग असा, की लागणारी सगळी वाक्यं संगणकावर लिहून त्यांची काळी-पांढरी चित्रं करा आणि ती चित्रंच प्रोग्रॅममध्ये भरा. पंधरा-वीस वाक्यांसाठी हे सहज जमतं. पी-टेनवर मिळणाऱ्या १६ ठिपक्यांच्या उंचीत मराठी वाचण्याजोगी बसते, पण जाड फाँट निवडा आणि उकारांना खाली जागा सोडा.

डिस्प्ले निवडा

अंतर आणि मजकूर ठरला की यादी आपोआप आखूड होते. प्रत्येकाचे गुण दुकानदार सांगेलच, म्हणून मी खोडींबद्दल जास्त लिहितो.

सोळा बाय दोनची एलसीडी टेबलावरच्या प्रोजेक्टला अजूनही उत्तम. निळ्यावर पांढरी अक्षरं दिसायला छान, पण बॅकलाइट गेला की पाटी कोरी. पिवळसर हिरवी घेतली तर बॅकलाइटशिवायही दिवसाउजेडी वाचता येते. मी नेहमी तीच घेतो, जरी तिचा बॅकलाइट कधी कधी शंभर मिलिअँपिअरच्या पुढे खातो. मागे आयटूसीची पट्टी जोडलेली घ्या, तारा सोळाऐवजी चार लागतात. पट्टीवरची चिप पीसीएफ८५७४ असेल तर पत्ता सहसा हेक्स २७ असतो, नावापुढे ए असेल तर हेक्स ३एफ. "डिस्प्ले लागतो पण अक्षरं येत नाहीत" या तक्रारीत दोनच कारणं बहुतेक वेळा निघतात. एक हा पत्ता, दुसरं मागचा निळा कॉन्ट्रास्टचा पॉट. उन्हाळ्यात पत्र्याखाली एलसीडीचा कॉन्ट्रास्ट सरकतो, त्यामुळे तो पॉट बॉक्स न उघडता फिरवता येईल असं भोक आधीच ठेवा. ईएसपी३२ सारखा ३.३ व्होल्टचा बोर्ड वापरत असाल तर ही पट्टी ५ व्होल्टवर चालते आणि तिचे पुलअप सिग्नलच्या तारा ५ व्होल्टला ओढतात हे विसरू नका. मध्ये लेव्हल शिफ्टर हवा.

ओलेड देखणा आणि करंटला हलका, नेहमीच्या मजकुराला दहा-वीस मिलिअँपिअरवर भागतो. पण एकच आकडा एकाच जागी चोवीस तास दाखवत ठेवला की तिथले ठिपके आधी मंद होतात आणि जुन्या आकड्याची सावली राहते. उन्हात तो फिका पडतो. ०.९६ इंचीत एसएसडी१३०६ कंट्रोलर असतो, १.३ इंचीत बहुधा एसएच११०६. दुसऱ्याला पहिल्याची लायब्ररी लावली तर चित्र दोन ठिपके सरकतं आणि कडेला कचरा दिसतो. डिस्प्ले खराब नसतो. शिवाय १२८ बाय ६४ चं पूर्ण चित्र मेमरीत ठेवायला १०२४ बाइट लागतात आणि ऊनोकडे रॅम आहे २०४८ बाइट. अर्धी इथेच गेली.

रंगीत टीएफटीबद्दल थोडक्यात: आलेख किंवा चित्र दाखवायचं असेल तरच. बहुतेक मॉड्यूलचे सिग्नल ३.३ व्होल्टचे असतात, ऊनोचे ५ व्होल्ट थेट दिले तर ते काही दिवस चालतात आणि मग चालत नाहीत. ई-पेपर वीज गेल्यावरही चित्र धरून ठेवतो, म्हणून सोलरवरच्या हवामान केंद्राला तो छान. दर दोन सेकंदांनी बदलणाऱ्या आकड्याला त्याचा उपयोग शून्य.

आता सेव्हन सेगमेंट. छोट्या आकाराला टीएम१६३७ किंवा मॅक्स७२१९ चं तयार मॉड्यूल घ्या आणि विषय संपवा. मोठ्या आकाराला मात्र एक अडचण असते आणि ती भल्याभल्यांना नडते. २.३ इंची अंकाच्या एका सेगमेंटमध्ये सहसा चार एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट धरले तर एका सेगमेंटलाच आठ व्होल्ट झाले. मॅक्स७२१९ चालतो ५ व्होल्टवर. तो हा अंक पेटवूच शकत नाही, आणि अंक खराब आहे असं समजून लोक तो बदलून आणायला निघतात. इथे १२ व्होल्टचा सप्लाय आणि टीपीआयसी६बी५९५ ही चिप लागते. ती बाहेर ५० व्होल्टपर्यंत सहन करते आणि प्रत्येक पायावर १५० मिलिअँपिअरपर्यंत करंट खाली ओढते. ती ओढणारी असल्यामुळे अंक कॉमन अ‍ॅनोड घ्यायचे. दुकानात हे शब्द स्पष्ट सांगा, नाहीतर कॉमन कॅथोड हातात पडेल.

पी-टेनचा मोह होईल, कारण तो स्वस्त आणि तयार मिळतो. गेटवर, उघड्यावर, लांबून वाचायचं असेल तर तोच घ्या. एका पॅनलचे ३२ बाय १६ ठिपके, माप ३२० बाय १६० मिलिमीटर. पण बारा मीटरच्या शेडमध्ये तो डोळ्यांवर येतो, आणि त्याचं विजेचं खाणं पुढच्या पायरीत बघालच.

करंटची बेरीज कागदावर करा

आपल्या पाटीवर चार-चार अंकांच्या दोन ओळी आहेत, म्हणजे आठ अंक. प्रत्येकात सात सेगमेंट, एकूण ५६. बारा व्होल्टमधून आठ वजा केले, उरले चार. २२० ओहमचा रेझिस्टर लावला तर एका सेगमेंटमधून १८ मिलिअँपिअर वाहतील. सगळीकडे ८ आला तर ५६ गुणिले १८, म्हणजे एक अँपिअर आणि वर थोडं. बेरीज नेहमी याच वाईटात वाईट आकड्याची करायची. "एरवी इतके आठ कुठे येतात" असं म्हणायचं नाही, कारण प्रोग्रॅम सुरू होताना चाचणीसाठी तुम्हीच सगळे आठ पेटवणार आहात.

बाकीचे काही आकडे हाताशी असू द्या. ऊनो बोर्ड ५० मिलिअँपिअरच्या आसपास. ईएसपी३२ एरवी कमी खातो, पण वायफायवर पाठवताना झटके देतो, म्हणून त्याच्यासाठी ५०० मिलिअँपिअर बाजूला ठेवा. निळा ५ व्होल्टचा रिले ७० मिलिअँपिअर, आणि चार रिलेचं मॉड्यूल म्हणजे चौपट. मॅक्स७२१९ वर आठही अंक पूर्ण तेजाने पेटवले तर ३३० मिलिअँपिअर. लाल पी-टेनचं एक पॅनल सगळे ठिपके पेटल्यावर ५ व्होल्टला चार अँपिअरपर्यंत जातं.

बेरजेला दीडने गुणा. आपल्या पाटीत ५ व्होल्टच्या भागासह सव्वा अँपिअर धरले तर दीडपट म्हणजे दोनच्या जरा खाली. चाकण-म्हाळुंगेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यात छताजवळ काय तापतं ते तिथे काम करणाऱ्याला सांगायला नको. बंद बॉक्सच्या आत त्यावर आणखी दहा-पंधरा अंश चढतात. चांगल्या कंपनीचा एसएमपीएससुद्धा साधारण ५० अंशांपर्यंतच पूर्ण करंट देतो, पुढे त्याच्या डेटाशीटमधली रेघ खाली उतरते. म्हणून आपली निवड १२ व्होल्ट, ३ अँपिअर.

सप्लायची जात ठरवा

घरातल्या, टेबलावरच्या, ५ व्होल्टच्या आणि दोन अँपिअरच्या आतल्या कोणत्याही प्रोजेक्टला मोबाइलचा चांगला चार्जर हे सर्वांत सुरक्षित उत्तर आहे. २३० व्होल्टला तुमचा हातच लागत नाही. त्यावर बीआयएसचं रजिस्ट्रेशन चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा क्रमांक बघा. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कोणत्या कारखान्याचा माल आहे ते कळतं. क्रमांक न सापडणारा चार्जर फुकट मिळाला तरी नको.

जुन्या पुस्तकांतली ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि ७८०५ ही पद्धत शिकायला छान, शांत आणि टिकाऊ. पण उष्णतेचा हिशेब करा. १२ व्होल्टमधून ५ करताना ७८०५ सात व्होल्ट स्वतःवर घेतो. अर्धा अँपिअर ओढला तर साडेतीन वॅट नुसती उष्णता. हीटसिंकशिवाय त्याचं तापमान दर वॅटमागे ६५ अंशांच्या आसपास चढतं, त्यामुळे एका वॅटच्या पुढे हीटसिंक हवाच. ऊनोच्या गोल जॅकमध्ये १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावून बोर्डावरूनच रिले आणि डिस्प्ले चालवणाऱ्यांनाही हेच गणित लागू. शंभर-दीडशे मिलिअँपिअरनंतर बोर्डावरचा रेग्युलेटर चटका देतो.

त्याऐवजी बक कन्व्हर्टर घ्या. एलएम२५९६ चं मॉड्यूल सगळीकडे मिळतं. त्यावर तीन अँपिअर लिहिलेले असतात, पण हीटसिंक न लावता दोनच्या पुढे नेऊ नका. आणि लोड जोडण्याआधी मल्टिमीटर लावून त्याचा स्क्रू फिरवून ५ व्होल्ट करून घ्या. नवं मॉड्यूल कितीवर सेट होऊन आलंय याचा भरवसा नसतो. आपल्या पाटीत १२ व्होल्ट अंकांना आणि याच १२ मधून बक लावून ५ व्होल्ट कंट्रोलरला, असा मेळ बसतो.

२३० व्होल्टच्या बाजूला जाळीदार पत्र्याचा, स्क्रूचे टर्मिनल असलेला एसएमपीएस घ्या. इनपुट ८५ ते २६४ व्होल्ट असलेला बघा. जागा अगदी थोडी आणि लोड अर्ध्या अँपिअरपर्यंत असेल तर ५ व्होल्ट, ३ वॅटचं पीसीबीवर सोल्डर करायचं बंद मॉड्यूल चालेल.

दोन गोष्टी मात्र करायच्याच नाहीत. एक, कपॅसिटरमधून थेट मेन्सचा व्होल्टेज पाडणारा ट्रान्सफॉर्मरविना सर्किट. स्वस्त एलईडी दिव्यांत तो असतो, कारण दिवा प्लॅस्टिकमध्ये बंद असतो. तुमच्या सर्किटच्या प्रत्येक तारेवर फेज येऊन बसतो आणि लॅपटॉपची यूएसबी जोडली की लॅपटॉपही त्यात जातो. दोन, मशीनच्या पॅनलमधला २४ व्होल्टचा सप्लाय उसना घेणं. तो पीएलसीसाठी आणि सेन्सरसाठी मोजून लावलेला असतो. तुमच्या पाटीत शॉर्ट झाला तर लाइन थांबेल, आणि मग मेहुणासुद्धा ओळख दाखवणार नाही.

मग मशीनवरच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचा सिग्नल घ्यायचा कसा? पीसी८१७ हा ऑप्टोकपलर मध्ये घाला. २४ व्होल्टच्या बाजूला २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावला की दहा मिलिअँपिअर वाहतात. त्या रेझिस्टरवर पाव वॅटच्या अगदी जवळ उष्णता होते, म्हणून तो अर्ध्या वॅटचा घ्या. मशीनचं आणि तुमचं ग्राउंड कुठेही जोडू नका.

नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीबद्दल एकच वाक्य: स्मोक अलार्म आणि मल्टिमीटर सोडून तिचा वापर करू नका.

तारेचा हिशेब

सप्लाय चांगला, डिस्प्ले चांगला आणि तरी आकडे मंद, असं झालं की तार बघा. साध्या यूएसबी केबलमधली बारीक तार जाऊन-येऊन मीटरला ०.४ ओहमच्या पुढे भरते. एक अँपिअर ओढला की ५ चे साडेचार होतात आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो.

पी-टेनमध्ये हे फार होतं. दोन-तीन पॅनलचे मिळून १० अँपिअर, सप्लाय तीन मीटर लांब, तार दीड चौरस मिलिमीटरची. ऐकायला जाड वाटते. जाऊन-येऊन सहा मीटरची ती ०.०८ ओहम, म्हणजे ०.८ व्होल्ट तारेतच गेले. पॅनलपर्यंत ४.२ पोहोचतात. उपाय साधा आहे: ५ व्होल्ट लांब नेऊ नका. एसएमपीएस पॅनलच्या मागेच बसवा, किंवा २४ व्होल्ट न्या आणि ५ व्होल्ट जागेवर करा. तीच वीज २४ व्होल्टला अडीच अँपिअरच्या आत वाहते, तारेत ०.२ व्होल्ट जातात आणि बकला त्याचं काही वाटत नाही. पॅनलच्या माळेत पॉवर प्रत्येक पॅनलला स्वतंत्र द्या, एकातून दुसऱ्यात नेऊ नका.

काँटॅक्टर पडला की आकडे का नाचतात

टेबलावर आठवडाभर नीट चाललेली पाटी प्रेसशेजारी लावली की पहिल्याच तासाला एलसीडीवर चिनीसदृश अक्षरं येतात किंवा काउंट आपोआप पाचने वाढतो. काँटॅक्टरची कॉइल सुटताना, वेल्डिंगचा आर्क पडताना, व्हीएफडी चालताना तारांमध्ये झटके शिरतात. सप्लाय बदलून हे बरं होत नाही. मूळ जागी उपाय करा. २३० व्होल्टच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर लावा, त्यातला कपॅसिटर एक्स-टू जातीचाच. २४ व्होल्ट डीसीच्या सोलेनॉइडवर १एन४००७ उलटा. सेन्सरची तार मोटरच्या केबलसोबत एका ट्रेमधून नेऊ नका. डिस्प्लेच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरड आणि त्याच्या सोबत ०.१ चा सिरॅमिक हवाच. आयटूसीच्या तारा वीतभर ठेवा, त्या बोर्डाबाहेर नेण्यासाठी बनलेल्याच नाहीत. एलसीडी वापरत असाल तर प्रोग्रॅममध्ये दर काही मिनिटांनी ती नव्याने सुरू करा.

वीज गेल्यावर काउंट राहायला हवा, ही मागणी येणारच. इथे औद्योगिक सुट्टी गुरुवारची आणि महावितरणची देखभालही त्याच दिवशी, त्यामुळे नियमित वीज जाण्याची तुम्हाला सवय असेल. अडचण बाकीच्या सहा दिवसांतल्या अचानक जाण्याची. ऊनोच्या ईईप्रॉममध्ये दर जॉबला आकडा लिहायचं कुणाच्याही मनात येतं. पण त्या मेमरीची एका जागी एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. प्रेस दर दोन सेकंदांनी एक जॉब काढत असेल तर ५५ तासांत एक लाख झाले. तीन शिफ्टमध्ये अडीच दिवससुद्धा नाहीत.

म्हणून वीज जातानाच लिहा. १२ व्होल्टच्या तारेवर लक्ष ठेवणारा एक पाय ठेवा. तिथे व्होल्टेज उतरू लागला की अंक विझवा आणि आकडा लिहून टाका. चार बाइट लिहायला १४ मिलिसेकंद पुरतात. ५ व्होल्टच्या बाजूचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० मिलिअँपिअरच्या बोर्डाला एक व्होल्ट उतरेपर्यंत २० मिलिसेकंद देतो. पुरेल, पण २२०० चा लावा. हे गणित नको असेल तर एफरॅमची छोटी चिप घ्या, तिला लिहिण्याचा थकवा व्यवहारात येतच नाही.

खरेदी

ऑनलाइन सगळं मिळतं, तरी मोठे सेगमेंट आणि एसएमपीएस हातात घेऊन बघावेत असं माझं मत आहे. पुण्यातल्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली त्यासाठीच आहे. पिंपरीहून मेट्रोने न बदलता कसबा पेठ किंवा मंडईला उतरून चालत जाता येतं. सेगमेंट घेताना खिशात नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक किलोओहमचा रेझिस्टर ठेवा (मघाशी हिणवलेली तीच बॅटरी) आणि काउंटरवरच प्रत्येक सेगमेंट मंद का होईना पेटतो का ते बघा. एसएमपीएस घेताना वजन करा. सारख्या रेटिंगच्या दोघांत जो फारच हलका, त्यात हीटसिंक आणि फिल्टर वाचवलेले असतात.

भंगारातला संगणकाचा सप्लाय टेबलावर चाचणीसाठी झकास. त्याची हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला जोडली की तो सुरू होतो आणि ५ व्होल्टला पी-टेनच्या चार-पाच पॅनलपुरता करंट सहज देतो. चिखली-कुदळवाडीत फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेची मोठी कारवाई झाल्यापासून तिथली भंगाराची दुकानं पूर्वीसारखी राहिली नाहीत, पण असा सप्लाय संगणक दुरुस्तीवाल्याकडेही मिळतो. फुगलेला कपॅसिटर दिसला तर घेऊ नका. आणि तो शेडमध्ये कायमचा बसवू नका.

जोडण्याआधी तासभर तापवा

एसएमपीएस रिकामाच सुरू करा, १२ व्होल्ट मोजा, लागलं तर कडेच्या स्क्रूने बरोबर करा. मग लोड म्हणून चारचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, आपल्या पाटीपेक्षा जास्त. या पट्ट्यात तो कोणत्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळेल. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी फार ओढतं, त्यामुळे सप्लाय एकदा अडखळला तर घाबरू नका. तासाभराने पुन्हा मोजा. व्होल्टेज जिथल्या तिथे असावा. बंद करा, दोन-चार मिनिटं थांबा, मग टर्मिनलना हात लावा, आतला कपॅसिटर लगेच रिकामा होत नाही. ५ व्होल्टच्या सप्लायला बल्बऐवजी पाच ओहम, दहा वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लावा, एक अँपिअर ओढतो आणि भाजतो.

यानंतरच पाटी जोडा, आणि आधी सगळे आठ पेटवा.

बसवणं

२३० व्होल्टची जोडणी लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. फेजमध्ये २ अँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज, फेज-न्यूट्रलमध्ये २७५ व्होल्टचा एमओव्ही, पत्र्याच्या बॉक्सला अर्थिंग, केबलला ग्लँड, तारांच्या टोकांना लग. शेडमधला न्यूट्रल सैल झाला तर सिंगल फेजवर ३००-४०० व्होल्ट येतात. तेव्हा एमओव्ही आणि फ्यूज आधी जातात, एसएमपीएस वाचण्याची शक्यता राहते.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लॅमिनेट करून चिकटवा. त्यावर सप्लायचं रेटिंग, सेट केलेला व्होल्टेज, अंकांचा प्रकार, रेझिस्टरची किंमत, प्रोग्रॅमची तारीख लिहा, आणि फ्यूजचं रेटिंग सगळ्यात मोठ्या अक्षरात. रात्रपाळीत फ्यूज उडाला की बदलणारा माणूस तुम्ही नसता, आणि त्याच्या हाताशी तांब्याची तार असते.